हवापालट आणि रात्रपाळी

महाबळेश्वरला माणसं 'हवा खायला' जातात. हा शब्दप्रयोग मराठीत इतका रुळलाय की हवा खायची म्हणजे नेमकं काय करायचं, असं कुणी विचारत नाही. हल्ली त्या हवेबरोबर स्ट्रॉबेरी क्रीम, भाजलेलं कणीस आणि वेण्णा लेकच्या काठावरचं एखादं रील येतं. पण हे गाव वसवलं गेलं ते आजाऱ्यांसाठी. १८२४ मध्ये लॉडविक नावाचा इंग्रज अधिकारी या पठारावर चढून आला (त्याच्या नावाचा पॉइंट तुम्ही पाहिला असेल), आणि पुढे मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने इथे कंपनीच्या आजारी गोऱ्या लोकांसाठी आरोग्यस्थान उभं केलं. १८२९ च्या तहात साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा घेतली आणि बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव दिलं. जुन्या कागदांत महाबळेश्वरचं नाव 'माल्कमपेठ' असं सापडतं ते त्यामुळेच.

मी वाईचा. आमच्या गावातून पसरणीचा घाट चढला की पाचगणी, आणि तिथून पुढे वीसेक किलोमीटरवर महाबळेश्वर. लहानपणी घरात कुणी फार दिवस खोकायला लागलं की मोठी माणसं म्हणायची, वरची हवाच औषधी आहे, चार दिवस वर नेऊन ठेवा. मोठेपणी मला या वाक्याबद्दल शंका यायला लागली. हवा कुणाचं अंथरूण बदलत नाही. रात्री तीन वाजता कुणी पाणी मागितलं तर हवा उठून पाणी देत नाही. आणि ज्यांनी दोनशे वर्षं या डोंगरावर ते पाणी दिलं, त्यांच्याबद्दल आपल्याला जवळजवळ काहीच सांगितलं जात नाही.

सुरुवात तर फारच विचित्र आहे. १८३० च्या दशकात महाबळेश्वरला एक तुरुंग होता. त्यात मलाया-सिंगापूरकडून आणलेले चिनी आणि मलायी कैदी ठेवले होते. हे लोक रस्ते करत, टोपल्या विणत आणि बागा लावत. इंग्रजी बटाटा आणि इतर भाज्या या डोंगरावर रुजवण्याचं श्रेय सातारा जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर त्यांनाच देतं. तुरुंग १८६४ मध्ये बंद झाला. म्हणजे ज्या आरोग्यस्थानाच्या हवेचं मुंबईत इतकं कौतुक व्हायचं, तिथल्या आजाऱ्यांच्या ताटात जी ताजी भाजी पडायची ती बेड्या घातलेल्या माणसांनी पिकवलेली होती. आजारी माणूस बरा झाला की पत्रात हवेचे गुण गायचा. भाजीचं नाव कशाला काढेल?

हवेची आणखी एक अडचण होती. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जूनमध्ये आरोग्यस्थानाला कुलूप लावून सगळे खाली यायचे. घरांना गवताचे झाप बांधून ती चार महिने पावसाच्या हवाली करायची. आजार काही जूनमध्ये सुट्टीवर जात नाही. म्हणून १८६० च्या दशकात जॉन चेसन नावाच्या इंग्रजाने वर्षभर राहता येईल अशी जागा शोधली. पाचगणी डोंगराच्या आडोशाला असल्याने तिथला पाऊस महाबळेश्वरच्या एक-तृतीयांशाच्या आसपास. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर, तायघाट या पाच गावांमधली ही जागा निवृत्त इंग्रजांसाठी पसंत केली गेली. आजच्या भाषेत सांगायचं तर वृद्धांची वसाहत.

चेसनबद्दल बोलताना सगळे त्याच्या झाडांबद्दल बोलतात. पाचगणीच्या रस्त्यांवरचे सिल्व्हर ओक त्याच्या काळातले. मला मात्र त्याची दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. त्याने शिंपी, धोबी, खाटीक, भाजीवाले, गवंडी अशी माणसं बोलावून आणली आणि त्यांना बाजाराखालचा भाग राहायला दिला. तेच गावठाण. म्हणजे त्याला एक गोष्ट कळली होती: थकलेल्या माणसाला एखाद्या ठिकाणी ठेवायचं असेल तर त्याचे कपडे धुणाऱ्याचं घरही जवळ लागतं. घर कुठे असावं याबद्दलची त्याची समजूत मात्र त्या काळाला साजेशीच होती. साहेब वर, गावठाण खाली. ही उंचसखल रचना पुढे या डोंगरावरच्या प्रत्येक दवाखान्यात, वॉर्डात शिरली, आणि अजून पूर्ण गेलेली नाही.

१९१२ मध्ये मुंबईचे डॉ. आर. बी. बिलिमोरिया यांनी पाचगणीला क्षयरोग्यांसाठी 'बेल-एअर' सुरू केलं. फ्रेंचमध्ये 'बेल एअर' म्हणजे छान हवा. नावातच औषध. त्या काळात क्षयावर गोळी नव्हती, इंजेक्शन नव्हतं. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉखने जंतू शोधून काढला होता, पण तो मारायचा कसा हे पुढची साठेक वर्षं कुणालाही ठाऊक नव्हतं. होती ती एक जीवनपद्धत. जर्मनीत ब्रेमर आणि त्याचाच जुना रुग्ण डेटवायलर यांनी ती घडवली होती. मोकळी हवा, पोटभर खाणं, विश्रांती आणि कडक शिस्त. हिंदुस्थानात १९०६ मध्ये अजमेरजवळ तिलोनियाला, मग अलमोड्याला, मग सिमल्याच्या वाटेवर धरमपूरला अशी आरोग्यधामं निघाली, आणि त्याच रांगेत पाचगणी.

'सॅनेटोरियम' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर व्हरांड्यातल्या आरामखुर्च्या येतात. जुन्या सिनेमांनी लावलेली ही सवय. प्रत्यक्षात ते फार कष्टाचं घर असायचं. रुग्ण चार दिवसांसाठी यायचा नाही, महिनोन्‌महिने राहायचा, कधी वर्षं. रोज ठरलेल्या वेळी तोंडात तापमापक, आकडा तक्त्यावर. दर आठवड्याला वजन. अमुक तास पूर्ण पडून राहायचं, बोलायचंही नाही. ताप उतरला तर दहा पावलं, मग वीस. थुंकीसाठी झाकणाचं भांडं. डेटवायलरने तर खिशात मावणारी निळ्या काचेची बाटलीच काढली होती. हे सगळं कुणीतरी करून घ्यायचं, आणि ते भांडं कुणीतरी उचलून न्यायचं, जाळायचं, उकळायचं. ते करणाऱ्यालाही त्या थुंकीतून काय होऊ शकतं हे माहीत असायचं.

आता या घराचा कारभार कसा चालत असेल याचा विचार करा. डॉक्टर दिवसातून एकदा फेरी मारणार. औषध नाही म्हटल्यावर डॉक्टरच्या हातात फारसं नाहीच. रुग्ण सुधारतोय की खचतोय हे पहिल्यांदा कळणार ते जेवणाचं ताट परत नेणाऱ्या बाईला. ताटात किती उरलं ते तिने पाहिलंय. उशीवर रक्ताचा डाग पहिल्यांदा दिसणार चादर बदलणाऱ्याला. तो डाग डॉक्टरपर्यंत पोहोचला तर उपयोग. मधल्या पायऱ्यांवर कुठे अडकला तर फेरीच्या वेळी सगळं आलबेल.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलने हे नेमकं ओळखलं होतं. ती हिंदुस्थानात कधीच आली नाही, पण इथल्या आरोग्याबद्दल लंडनमधून आयुष्यभर लिहीत राहिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार होता. तिच्या शुश्रूषेवरच्या छोट्या पुस्तकात एक प्रकरण आहे ते किरकोळ वाटणाऱ्या व्यवस्थापनावर. त्याचा गाभा एवढाच: तुम्ही समोर असताना जे घडतं ते तुम्ही नसतानाही घडेल याची व्यवस्था कशी करायची? जी प्रमुख सगळं स्वतः करते ती तिला अर्धीच वाटते, कारण ती झोपली की सगळंच झोपतं. आपल्या मनातल्या 'दिवा घेऊन फिरणारी बाई' या चित्राच्या हे अगदी उलट आहे. ती बाई दिवा घेऊन का फिरते हे आपण शाळेत शिकतो. ती फिरत नसेल त्या रात्री काय होतं, हा तिचा स्वतःचा प्रश्न होता.

आपल्याकडे संस्थेचा इतिहास म्हणजे संस्थापकाचं चरित्र. प्रवेशद्वारात हार घातलेला फोटो, त्याखाली जन्ममृत्यूची सालं. मी त्या माणसांना कमी लेखत नाही. पण फोटोवरून संस्था कशी चालली ते कळत नाही. यासाठी मला जरा डोंगर उतरून कृष्णाकाठाने मिरजेपर्यंत जायचंय.

डॉ. विल्यम वॉनलेस हे मूळचे कॅनडाचे. १८९२ मध्ये ते मिरजेत आले, आणि १८९४ मध्ये त्यांचं रुग्णालय उभं राहिलं. शस्त्रक्रियेसाठी माणसं लांबलांबून बैलगाड्यांतून येत. १९२८ मध्ये त्यांना 'सर' किताब मिळाला, त्याच साली ते मिरज सोडून गेले आणि १९३३ मध्ये वारले. चाळीसेक वर्षं एका माणसाच्या नावावर चाललेलं रुग्णालय त्याच्या जाण्याने बसायला हवं होतं. ते बसलं नाही. १९६२ मध्ये मिरजेला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालं तेव्हा विद्यार्थ्यांना रुग्ण दाखवायला हेच मिशनचं हॉस्पिटल होतं. कारण वॉनलेस यांनी शस्त्रक्रियांइतकंच लक्ष माणसं घडवण्याकडे दिलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीलाच तिथे परिचारिकांचं शिक्षण सुरू झालं होतं, आणि डॉक्टरी शिकवण्याचे वर्गही.

परिचारिका घडवणं हे त्या काळी किती अवघड होतं याची आज कल्पना येत नाही. परक्या पुरुषाचं अंग पुसायचं, मलमूत्र उचलायचं, जात न विचारता. 'बऱ्या घरातल्या' मुली हे काम करणार नाहीत हे गृहीतच होतं. आल्या त्या विधवा, टाकलेल्या, नव्याने ख्रिस्ती झालेल्या, दुष्काळात पोरक्या झालेल्या. ज्यांना घरात आवाज नव्हता अशा बायकांना वॉर्डात आवाज द्यायचा होता: ताप वाढलाय, डॉक्टर, आत्ता या. शुश्रूषेचं शिक्षण म्हणजे पट्टी बांधण्याचं शिक्षण असं आपण समजतो. मला वाटतं त्यातला सगळ्यात कठीण धडा हा वरच्या माणसाला नको असलेली बातमी सांगण्याचा होता.

मराठी दवाखान्यात आपण एकमेकांना काय हाका मारतो ते बघा. डॉक्टर 'सर' नाहीतर 'मॅडम'. नर्स 'सिस्टर'. पुरुष परिचर 'मामा'. आणि बेडपॅन उचलणारी, केस विंचरून देणारी, भरवणारी 'मावशी'. ऐकायला सगळं कुटुंब. मावशी म्हणजे आईची बहीण, किती मायेचं नातं! पण या मावशीला वॉर्डातल्या बैठकीत खुर्ची नसते. तिचं नाव ड्युटीच्या तक्त्यावर कधी असतं, कधी नुसतं 'आया – २' असं लिहिलेलं असतं. नात्याचा शब्द वापरला की पगाराचा आणि मताचा विषय निघत नाही, ही आपली जुनीच युक्ती.

पुन्हा घाट चढूया. १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आलं, मग आणखी गोळ्या आल्या. पण आरोग्यधामांवर खरा घाव घातला तो मद्रासच्या एका प्रयोगाने. १९५६ मध्ये तिथे क्षयरोगाच्या औषधोपचारांचं केंद्र सुरू झालं. सुमारे दोनशे गरीब रुग्णांपैकी निम्म्यांना आरोग्यधामात ठेवलं आणि निम्म्यांना त्यांच्याच दाटीवाटीच्या घरात. औषध दोघांना तेच. १९५९ मध्ये निष्कर्ष छापून आले. घरी राहिलेले रुग्णही जवळजवळ तितकेच बरे झाले होते. त्यांचं खाणं वाईट, विश्रांती कमी, हवा तर विचारूच नका. आणि त्यांच्या घरच्यांनाही जास्त लागण झालेली नव्हती. जगभरच्या आरोग्यधामांचा पायाच त्या आकड्यांनी काढून घेतला. छान हवेला आता कुणी औषध म्हणणार नव्हतं.

१९६० च्या दशकात बेल-एअर रेडक्रॉसकडे गेलं. पुढची दशकं उतरणीची. आजाराचं कारणच गेल्यावर इमारत, व्हरांडे, झाडं यांचं करायचं काय? देशातल्या कितीतरी आरोग्यधामांची आज हॉटेलं झालीत, काहींचे नुसते चौथरे उरलेत.

१९९० च्या दशकात बेल-एअरची सूत्रं फादर टॉमी करियिलाकुलम या कॅथलिक धर्मगुरूंकडे आली, आणि ते रुग्णालय एचआयव्हीबाधितांची काळजी घेणारं ठिकाण म्हणून ओळखलं जाऊ लागलं. ते दिवस आजच्या विशीतल्या वाचकाला सांगायला हवेत. पुणे-बंगळूर महामार्ग सातारा, कराडवरून खाली जातो, बाजूलाच सांगली-मिरज. ट्रकचा रस्ता, उसाचा पैसा, मुंबईला कामाला गेलेली माणसं. या पट्ट्यात लागण मोठी होती. गावोगावी अशी माणसं होती ज्यांचं ताट वेगळं, पाणी वेगळं, शेवटी तिरडीला खांदा द्यायलाही कुणी नाही. दवाखानेही त्यांना दारातून परत पाठवत. जे ठेवून घेत त्यांतले काही खाटेवर पाटी लावत, म्हणजे सगळ्यांना 'सावध' राहता यावं.

इथे कारभाराचा एक बारीक पण निर्णायक मुद्दा येतो. रक्तातून पसरणाऱ्या आजारापासून कर्मचाऱ्याला वाचवायचं असेल तर दोन रस्ते. पहिला, बाधित कोण ते हुडकून त्याच्यावर खूण करायची. दुसरा, प्रत्येकच रुग्णाच्या रक्ताला हात लावताना हातमोजे घालायचे, प्रत्येकच सुई तशीच टाकायची. ऐंशीच्या दशकात जगभर दुसरा रस्ता शहाणपणाचा ठरला, कारण ज्याची तपासणी झालेलीच नाही त्याच्यावर खूण कशी करणार? पण त्यासाठी हातमोजे मावशीलाही द्यावे लागतात. फक्त सिस्टरला देऊन चालत नाही. सुई टोचली तर ती तासाभरात सांगेल, तिला ओरडा बसणार नाही, नोकरी जाणार नाही, याची खात्री तिला हवी. ही खात्री परिपत्रकाने येत नाही. पहिल्या बाईला सुई टोचते तेव्हा तिच्याशी वरचे कसे वागतात ते बाकीच्या बघत असतात, त्यावर ती ठरते.

त्याच काळात सांगलीत काळजीची आणखी एक रचना उभी राहत होती, आणि तिच्यात कुणी सर-मॅडम नव्हते. 'संग्राम' संस्थेचं काम १९९२ मध्ये सुरू झालं, आणि त्यातून १९९६ मध्ये 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' निघाली. धंदा करणाऱ्या बायकांची स्वतःची संघटना. गल्लीतली आजारी बाई सरकारी दवाखान्यात न्यायची, दाखल करून घेईपर्यंत हलायचं नाही, तिच्या उशाशी बसायचं. ज्यांना दवाखान्यात उभं करत नव्हते त्याच बायका दवाखान्याला प्रश्न विचारायला लागल्या. मिरजेच्या वॉर्डात शंभर वर्षांपूर्वी पोरक्या बायकांना शिकवलेला धडा आठवतोय? नको असलेली बातमी वर सांगायची. इथे तो कुणी शिकवला नाही.

मग १ एप्रिल २००४ पासून सरकारने एचआयव्हीची औषधं फुकट द्यायला सुरुवात केली. माणसं उठून घरी जायला, कामाला जायला लागली. बेल-एअरवर चाळीस वर्षांत दुसऱ्यांदा तीच वेळ आली: गोळी आली आणि खाट रिकामी झाली. या वेळी ते विझलं नाही. सर्वसाधारण रुग्णालय झालं, परिचारिकांचं महाविद्यालय निघालं, आणि महाबळेश्वरचं ग्रामीण रुग्णालय सार्वजनिक-खासगी भागीदारीत चालवण्याचं कामही त्याच्याकडे आलं. कोविडच्या लाटांत याच भागातल्या रुग्णांची तिथे सोय झाली. हवा १९१२ मध्ये होती तीच होती, आणि १९६० नंतरच्या उतरणीतही तीच होती.

आता तिसरा आजार आलाय, ज्यावर गोळी येण्याची शक्यता नाही. म्हातारपण. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले दहा टक्क्यांच्या जवळपास लोक साठीच्या पुढचे होते. तेव्हापासून तुमच्या-माझ्या ओळखीची किती मुलं पुण्याला, बंगळूरला, जर्मनीला गेली ते मोजा. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६० च्या दशकात उभा राहिलेला निराधारांचा आश्रम आज 'निवारा' म्हणून ओळखला जातो, म्हणजे ही सोय आपल्याला अगदीच नवी नाही. पण ती निराधारांसाठी होती. आता ज्यांना मुलंबाळं आहेत, पेन्शन आहे, त्यांनाही ती लागते.

माझी आजी शेवटची दीड वर्षं अशा दोन ठिकाणी राहिली. नावं लिहीत नाही. पहिलं ठिकाण बघण्यासारखं होतं. लॉन, तुळशीवृंदावन, भिंतीवर भक्तिगीतांचा स्पीकर, गूगलवर साडेचार तारे. आजी स्वतःहून कूस बदलू शकत नव्हती, म्हणून दर दोन तासांनी तिला वळवायचं ठरलं होतं, आणि त्याची वही होती. तीन महिन्यांत तिच्या माकडहाडावर जखम झाली, बोटभर खोल. मी वही मागितली. दहा, बारा, दोन, चार, सहा. एकही चौकट रिकामी नाही. सगळ्या खुणा एकाच पेनाच्या, एकाच दमात केलेल्या, पुढच्या दिवसाच्या पहाटेच्यासुद्धा. मी वही पाहत होतो तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते.

रागावलो, अर्थातच. पण त्या रात्रपाळीच्या मावशीवर राग टिकेना. बाहेरच्या ब्युरोकडून आलेली, बारा तासांची पाळी, बावीस म्हातारी माणसं, ती एकटी. आदल्या महिन्यात एकीने चौकट रिकामी ठेवली तर पगार कापला होता, हे तिनेच मला सांगितलं. म्हणजे त्या घराने तिला खोटं लिहायला शिकवलं होतं, आणि ती शिकली होती.

दुसरं ठिकाण दिसायला साधं, पत्र्याची शेड, वास फिनेलचा. चालवणाऱ्या बाई सरकारी दवाखान्यातून इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या. नर्स लोक पाळी बदलताना एकमेकींना रुग्णांची माहिती देतात, त्याला त्यांच्या भाषेत 'ओव्हर देणं' म्हणतात. इथे सकाळचा ओव्हर व्हायचा तेव्हा आधी मावशी बोलायच्या, मग सिस्टर, शेवटी बाई. आणि वहीचा नियम एकच: जे झालं नाही ते रिकामं ठेवायचं. पहिल्याच आठवड्यात आजीच्या तक्त्यावर पहाटे चारची चौकट रोज रिकामी. मी मनातून धसकलो. चौथ्या सकाळी बाईंनी विचारलं, चारलाच का? मावशी म्हणाल्या, आजी आणि शेजारचे काका दोघेही जड, वळवायला दोघं लागतात, आणि मामा त्या वेळी दूध घ्यायला फाटकावर जातो. मग दूधवाल्याला सहाची वेळ दिली. एवढंच. कुणाला नोटीस नाही, कुणाला प्रशिक्षण नाही. जखम भरायला अकरा आठवडे लागले, पण भरली.

अमेरिकेत एमी एडमंडसन नावाच्या संशोधक बाईंनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका मोजल्या होत्या. त्यांची अपेक्षा अशी की जिथे माणसं मिळून-मिसळून काम करतात तिथे चुका कमी असतील. आकडे उलटे आले. चांगल्या वॉर्डांत नोंदवलेल्या चुका जास्त! बराच विचार केल्यावर उलगडा झाला. तिथे चुका जास्त होत नव्हत्या, सांगितल्या जास्त जात होत्या. हे वाचताना मला ती पहिली वही आठवली, एकही चौकट रिकामी नसलेली.

आपल्या राज्यात खासगी दवाखान्यांना लागू असलेला कायदा १९४९ चा, महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम. मराठी माणूस 'नर्सिंग होम' म्हणतो ते प्रसूतीच्या किंवा ऑपरेशनच्या खासगी दवाखान्याला. परदेशात त्याच शब्दाने वृद्धांचं निवासस्थान समजलं जातं. कायद्यात नोंदणी आहे, पात्र परिचारिकांची अट आहे, २०२१ च्या नियमांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावायला सांगितली आहे. हे सगळं हवंच. पण तुम्ही आई-वडिलांसाठी, आजीसाठी असं ठिकाण बघायला जाल (आणि जाल, तुमच्या वयाच्या बहुतेकांना पुढच्या वीस वर्षांत जावं लागेल), तेव्हा लॉन बघून झालं की रात्रपाळीची वही मागा. तिच्यात रिकाम्या चौकटी आहेत का ते बघा. असतील तर त्या कुणी पाहिल्या आणि नंतर काय बदललं ते विचारा. मावशीला विचारा, साहेबांना नको. तिथल्या मावशीला उत्तर देण्याआधी इकडेतिकडे बघावं लागतं का, तेही कळेल.

जुलैत महाबळेश्वर-पाचगणीवर धुकं इतकं उतरतं की समोरचा सिल्व्हर ओक दिसत नाही. पर्यटक नसतात. हॉटेलं अर्धी बंद. दवाखान्यांना मात्र माल्कमच्या काळासारखं कुलूप लावता येत नाही. संध्याकाळी रेनकोट घालून, डबा पिशवीत घेऊन, गावठाणातून आणि आजूबाजूच्या वाड्यांमधून बायका रात्रपाळीला निघतात.